अंगण झाडून मादीची वाट बघणारा पक्षी

नमस्कार मंडळी, स्क्रीनवर दिसतोय तो विल्सन्स बर्ड ऑफ पॅराडाइज, आणि कमेंटमध्ये लिहायच्या आधीच सांगतो, फोटोला फिल्टर लावलेला नाहीये. डोक्यावर ते निळं निळं दिसतंय ना, ती पिसं नाहीत, उघडी कातडी आहे, वर काळ्या बारीक पिसांच्या रेघा. मानेमागे पिवळा, पाठीवर लालभडक, छातीवर हिरवा, आणि शेपटीला गोल वळलेल्या दोन तारा. एवढं सगळं जेमतेम 16 सेंटीमीटरमध्ये, म्हणजे चिमणीएवढ्या पक्ष्यात!

हा जगात फक्त वायगेओ आणि बातांता या दोन बेटांवर सापडतो. इंडोनेशियातला राजा अंपत नावाचा बेटांचा समूह, न्यू गिनीच्या पश्चिम टोकाजवळ, तिथल्या डोंगरउतारावरच्या रेनफॉरेस्टमध्ये.

आता खरी गंमत. नर जंगलाच्या जमिनीवर एक छोटी जागा पकडतो आणि ती झाडूनपुसून ठेवतो, पडलेलं एक एक पान चोचीत धरून बाहेर फेकतो, आजूबाजूच्या रोपट्यांची पानंसुद्धा तोडतो. 1996 मध्ये निसर्गावरच्या माहितीपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या डेव्हिड अ‍ॅटनबरोंच्या टीमने याचं पहिल्यांदा शूटिंग केलं तेव्हा अ‍ॅटनबरोंनी मुद्दाम त्या अंगणात पानं टाकली, हा चिडून लगेच साफसफाईला खाली आला आणि कॅमेऱ्यात सापडला.

बरं, एवढी स्वच्छता कशाला? पनामात मॅनकिन नावाचे पक्षीही असंच अंगण साफ करतात, त्यांच्यावर संशोधन झालंय, पाला काढला की मागची जमीन एकसारखी दिसते आणि नराचे रंग जास्त उठून दिसतात. मला तरी इथेही तेच वाटतं, कारण आजूबाजूला हिरवी पानं राहिली तर छातीचा हिरवा रंग कोणाला दिसणार?

आणि मादी बसते कुठे, तर नराच्या वर, उभ्या रोपट्याच्या खोडावर. ती स्वतः तपकिरी, साधी, पण बारकाईने बघणारी. ती आली की हा खाली खोडाला चिकटून मान वर करतो, छातीची हिरवी ढाल उघडतो आणि ती एकदम चमकते. आपण बाजूने बघतो तेव्हा अर्धा शो मिस होतो, कारण सगळा मेकअप वरून बघणारीसाठी केलेला असतो. पसंत नाही पडला तर ती सरळ उडून जाते, मग याचं परत झाडू मारणं सुरू.

आययूसीएन, म्हणजे धोक्यातल्या प्राण्या-पक्ष्यांची यादी ठेवणारी जागतिक संस्था, तिच्या यादीत तो ‘निअर थ्रेटन्ड’, म्हणजे अजून धोक्यात नाही पण धोक्याच्या जवळ, असा आहे, पण घर दोनच बेटांचं, म्हणून तिथली जंगलतोड जास्त टोचते. राजा अंपतमध्ये निकेलच्या खाणीही आहेत, त्यावर बराच आरडाओरडा झाला आणि जून 2025 मध्ये सरकारने चार कंपन्यांचे परवाने रद्द केले. दुसरीकडे वायगेओवरचे गावकरी पक्षी बघायला येणाऱ्यांना जंगलात नेतात, अंगणाजवळ आडोसा करून बसवतात आणि त्यातून चार पैसे कमावतात. जायचं असेल तर लोकल गाइड घ्या, आणि हो, आडोशातून बाहेर डोकावू नका.