अर्धांगवायूनंतरची रात्र

मघाशी चहाच्या वेळी एका आजींनी मला गाठलं. "डॉक्टर, ह्यांचा लुळा हात एवढा गार का पडतो हो? शाल गुंडाळली तरी गारच." आजचा विषय नेमका तिथूनच सुरू होतो.

लकवा म्हटलं की आपण हात, पाय आणि वाचा बघतो. हात हलत नाही म्हणून तो थोडा गार पडतो, हे खरंच. पण कातडीखालच्या रक्तवाहिन्या कधी आवळायच्या, घाम कधी फोडायचा, हा कारभारही मेंदूकडूनच चालतो. काही रुग्णांना तर लुळ्या बाजूलाच जास्त घाम येतो. या कारभाराला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे दोन भाग, अनुकंपी आणि परानुकंपी. शाळेत पाठ केलेत, आता विसरला असाल. एक शरीराला पळवतो, दुसरा निववतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मेंदूच्या बाजूच्या खोल घडीत इन्सुला नावाचा भाग दडलेला असतो. लॅटिनमध्ये इन्सुला म्हणजे बेट. ज्या रोहिणीत गुठळी अडकून पुष्कळदा लकवा होतो, तीच या बेटाला रक्त पुरवते. १९९२ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काही रुग्णांच्या इन्सुलाला विजेचा सौम्य प्रवाह दिला. डाव्या बाजूला दिला की नाडी बहुधा मंदावायची, उजवीकडे दिला की वाढायची. पुढच्या अभ्यासांत हे डावं-उजवं इतकं सरळ निघालेलं नाही, पण मेंदूतली इजा हृदयापर्यंत पोचते, यात शंका नाही. म्हणून लकव्याच्या पहिल्या दिवसांत ईसीजी बिघडतो, ठोके चुकतात. नातेवाईक घाबरून विचारतात, "हार्टलाही झालं का?" कधी हृदयाचा मूळचा आजार असतो, कधी हा मेंदूचा प्रताप असतो. तपासल्याशिवाय सांगता येत नाही.

आता रात्रीकडे येऊ. गाढ झोपेत निववणाऱ्या भागाचं राज्य असतं. नाडी संथ होते, बीपी दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्के उतरतं. लकव्यानंतर अनेकांचं ते उतरतच नाही, काहींचं तर रात्री चढतं. दवाखान्यात सकाळी ११ वाजता बीपी बघून हे कळणार कसं? दंडाला २४ तास पट्टा बांधावा लागतो. दर अर्ध्या तासाने तो फुगतो आणि झोपमोड करतो, हे कबूल. पण कागदावर रात्री २ चा आकडा दुपारच्या आकड्याइतकाच दिसला, की माझं लक्ष तिथेच खिळतं. म्हणून रात्रीची गोळी आपल्या मनाने वाढवू नका. बीपी फार उतरलं तरी मेंदूला रक्त कमी पडतं.

पहाटे स्वप्नांची झोप जास्त असते. तिच्यात पळवणारा भाग मध्येच उसळ्या मारतो. त्यात जाग येऊन माणूस उठून उभा राहिला, की बीपी आणखी चढतं. लकव्याचे झटके सकाळी ६ ते १२ या वेळेत जास्त येतात, त्याचं एक कारण हे. साधारण पाचातला एक झटका तर उठल्यावरच लक्षात येतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांत द्यायचं असतं. पण घड्याळ कुठून लावायचं? माणूस धडधाकट असल्याचं शेवटचं कधी पाहिलं, तिथून. काही वेळा एमआरआयवरूनही निर्णय घेता येतो. त्यामुळे तोंड वाकडं दिसलं, तर "जरा पडू दे, बरं वाटेल" म्हणत बसू नका. गाडी काढा.

राहिलं घोरणं. आपल्याकडे तो चेष्टेचा विषय. लकवा झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांचा श्वास झोपेत पुन्हा पुन्हा अडतो. दरवेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो, शरीर दचकतं, बीपी उसळतं. रात्रभर झोपून सकाळी माणूस दमलेला, आणि घरचे म्हणतात आळस आलाय.

आजी, तुमचा प्रश्न मी विसरलो नाही. गार हात मी बघतोच. आधी एक सांगा, आजोबा घोरतात का?

"घोरतात की. मध्येच एकदम गप्प होतात. मग मी हलवते, तेव्हा कुठे श्वास घेतात."