तंबोऱ्यामागची मुलगी

[दृश्य: मे महिना. गोवा, सांगे तालुका. धरणाचं पाणी उतरलेलं. भेगाळलेली जमीन, घरांची जोती.]

हे कुर्डी. साळावलीचं धरण झालं, गाव उठलं, आणि तेव्हापासून वर्षातला बहुतेक काळ ते पाण्याखालीच असतं. मेमध्ये पाणी ओसरलं की जोती वर येतात. जयपूर घराण्याच्या गायिका मोगूबाईंचा जन्म इथला, 1904 सालचा. गाव बुडालं, त्यांच्या आडनावात मात्र राहिलं: कुर्डीकर.

आई जयश्रीबाईंना मुलीनं गाणारी व्हावं याचा ध्यास होता. पण मोगू दहा वर्षांची असताना त्या गेल्या. पुढे नाटक मंडळ्या, आजारपण, सांगली. आणि सांगलीत हिचा रियाज कानावर पडला म्हणून आपणहून शिकवू लागलेले, जयपूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ. ही गोष्ट अनेकदा सांगून झाली आहे. आपण जाऊ या पुढच्या पिढीच्या घरात. मुंबई. वडील लवकर गेलेले, आई शिकवण्या करून घर चालवते, आणि मैफलीत आईच्या मागे तंबोरा घेऊन एक मुलगी बसते. किशोरी, पुढच्या गायिका किशोरी आमोणकर.

[दृश्य: तंबोऱ्याच्या तारांवर दोन बोटं. फक्त नाद.]

गाणाऱ्या घरात मुलाच्या हाती आधी तंबोरा येतो, गाणं मागाहून. चार तारा: पहिली पंचमाची, मग जोडीच्या दोन षड्जाच्या, शेवटची जाड पितळी तार खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची. पंचमावर मधलं बोट, बाकी तिन्हींवर तर्जनी. बोटाच्या मांसल भागानं तार नुसती घासून सोडायची. नखानं ओढली तर ती टणकन वाजते, स्वर क्षणभर चढतो आणि आधीच्या तारेचा झंकार तुटतो. नवख्याची ठरलेली चूक वेगळीच असते. तबला सुरू झाला की हात नकळत ठेक्याला लागतो. तंबोरा तालाच्या बाहेर, आपल्याच सारख्या गतीनं चालायला हवा. समोर द्रुत तान चाललेली असताना हात संथ ठेवणं दहा वर्षांच्या पोराला सोपं नाही.

स्वर जुळला, तरी तार बोलत नाही असं होतं. मग घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली असलेला सुती दोरा बघायचा. केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी तार अचानक उघडते, गुंजते; जवारी खुलली म्हणतात ती ही. पावसाळ्यात हवा दमट, सकाळी सापडलेली जागा संध्याकाळी हरवते. स्वराचा बारीक फरक तारेत ओवलेल्या मण्यांनी काढायचा. त्यासाठी खुंटी पिळायला गेलात तर स्वर उडी मारून पलीकडे जातो. सगळं नीट जमलं की खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, कुणीही न छेडलेला. मूल म्हणालं, ‘आतून ग येतोय,’ की कान लागला समजावं.

असा कान घरात जवळजवळ फुकट मिळतो. गळ्याचं तसं नाही, आणि गाणाऱ्या घरांची फसगत होते ती इथेच.

[दृश्य: लहान मुलगा गातो आहे, हातवारे थेट मोठ्या माणसाचे.]

या मुलाला आठ-दहा राग ‘येतात’. बंदिश पाठ, सम बरोबर, वडिलांचं खाकरणंसुद्धा हुबेहूब. आत्ता कुठल्या स्वरावर थांबलास, असं विचारा. गप्प. ऐकून उचललेलं गाणं अखंड वाक्यासारखं असतं, त्यातली अक्षरं सुटी झालेली नसतात. म्हणून तीच ओळ आधी सरगममध्ये म्हणवून घ्यायची, मग आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’मध्ये, शब्द शेवटी. जयपूर घराण्याची तर सगळी भिस्त आकारावर. त्यात जबडा हलला की तान लडबडते, जीभ मागे ओढली की ‘आ’चा ‘ऑ’ होतो, नाकात गेला की ‘अं’. आरशासमोर पंधरा मिनिटं नुसते पलटे, ‘सारेग, रेगम, गमप’, पण ‘आ’मध्ये. कंटाळवाणं आहे. पर्याय नाही.

मोगूबाईंची, म्हणजे माईंची, शिस्त किशोरीताई सांगत: ओळ दोनदा गाणार, तिसऱ्यांदा नाही. ऐकणाऱ्याला हे निर्दय वाटेल. पण पहिल्या खेपेला ओळीचा आराखडा कळतो. दुसऱ्या खेपेला कण, म्हणजे शेजारच्या स्वराचा ओझरता स्पर्श, कुठे लागला, श्वास कुठे घेतला, सम गाठायला शब्द किती मात्रा आधी उचलला, हे टिपायचं असतं. तिसरी खेप मिळणार हे ठाऊक असलं की दुसऱ्या खेपेला कान सैल पडतो. आज तालमीत फोन ठेवून सगळं ध्वनिमुद्रित होतं आणि तेच घडतं. मुद्रण करायचंच तर शिष्याच्या गाण्याचं करावं, गुरूच्या नाही.

[दृश्य: हार्मोनियमच्या पट्ट्या. बोट काळी एकवरून काळी चारवर.]

आता पट्टी, म्हणजे षड्ज कुठे धरायचा ते. हार्मोनियमची पहिली काळी पट्टी षड्ज धरली की ती ‘काळी एक’. पुरुष साधारण काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायका काळी चार-पाचला. बाप काळी एकमध्ये शिकवतो आणि मुलगी त्याच्याच षड्जाला धरून गाते. मग खाली मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आवाज लागत नाही, किंवा अख्खं सप्तक वर जाऊन ती किंचाळते. बापानं तिच्यासाठी दुसरा तंबोरा लावावा, काळी चारला. त्याच्या पंचमावर तिचा षड्ज येतो. शिकवताना गैरसोय बापाची व्हावी, मुलीच्या गळ्याची नाही.

मुलग्यांचा आवाज बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो आणि जवळपास सप्तकभर खाली उतरतो. कौतुकाचा बालगायक असेल तर घरच्यांना हे पचत नाही, जुन्याच पट्टीत गाववत राहतात. या काळात तार सप्तक (वरचं) बंद, कार्यक्रम बंद, दिवसाला वीस-पंचवीस मिनिटं मध्य सप्तकात, हलक्या आवाजात. खर्जाचीही जबरदस्ती नको. पट्टी दर दोन-तीन महिन्यांनी तपासायची.

तिसरी अडचण नात्याची. आईच गुरू असली की तालीम संपतच नाही. जेवताना गुणगुणलं तरी कोमल ऋषभ चढा लागल्याचं ऐकावं लागतं. तंबोऱ्याची गवसणी (कापडी खोळ) काढली की आई गुरू, घातली की आई, असा साधा नियम असला तरी घर निभतं.

मोगूबाईंनी लेकीला घराबाहेरही शिकायला पाठवलं. 1940 च्या दशकात किशोरी भेंडीबाजार घराण्याच्या अंजनीबाई मालपेकरांकडे गेली. तिथली लांब, न तुटणारी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं, जयपूरच्या पेचदार, लयीला बांधलेल्या गायकीहून पार निराळी. पुढे किशोरीताईंच्या आलापाला जो संथ विस्तार आला, त्यात या तालमीचा वाटा मोठा, असं आम्हाला वाटतं. घराण्याच्या अभिमान्यांना तो बरीच वर्षं खटकला. पुढेही असं घडलं. किशोरीताईंच्या शिष्या माणिक भिडे. त्यांची मुलगी अश्विनी भिडे-देशपांडे आधी नारायणराव दातारांकडे शिकल्या, मग आईकडे.

तंबोऱ्यामागे बसून मुलगी गाण्याखेरीज आणखी बरंच पाहत होती. आईबरोबर केलेला तिसऱ्या वर्गाचा प्रवास, कुणाच्या तरी घरी उतरणं, थोडकी बिदागी, आयोजकांची वागणूक. बिदागी, मुक्काम, श्रोत्यांची शांतता याबाबत किशोरीताई पुढे कमालीच्या काटेकोर झाल्या. त्यांना तऱ्हेवाईक म्हणणाऱ्यांनी हा प्रवास केलेला नव्हता.

[दृश्य: रिकामा मंच. सतरंजीवर एकच तंबोरा.]

मैफल संपली. आता प्रवासाआधी तारा सैल करायच्या, नाहीतर धक्क्यानं तुटतात किंवा तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी फळी, दबते. मणी खाली सरकवायचे. भोपळ्याखाली घडी घातलेली चादर, वर गवसणी. हेही काम मागे बसणाऱ्याचंच.