पोकलेनचा हात खाली का येतो?

मंडळी, शेजारी हालोलला जेसीबीचा कारखाना आहे, तेव्हा बडोद्यात पिवळ्या यंत्रांचं कौतुक वेगळं सांगायला नको. खऱ्या पोकलेनचा हात हवेत थांबतो तो जॅकमध्ये (नळी आणि तिच्यात सरकणारा दांडा) कोंडलेल्या तेलाच्या जोरावर. तुमच्या कपाटातल्या १:५० (खऱ्याच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या) मॉडेलमध्ये मात्र तेलाचा थेंब नाही, तिथे हात धरून ठेवतं ते फक्त घर्षण. बूम, म्हणजे हाताचा यंत्राला जोडलेला बुडाचा भाग, आपोआप खाली येऊ लागला तर बहुतेक वेळा काही तुटलेलं नसतं, कुठेतरी घर्षण संपलेलं असतं. ती जागा शोधायच्या आधीच हातोडी हातात घेतली की चांगलं मॉडेल हकनाक जातं.

म्हणून आधी तपासणी. बूम, आर्म (त्याच्या पुढचा भाग) आणि बकेट (टोकाचं खोरं) पुढे पूर्ण लांब करा. या स्थितीत बुडाच्या सांध्यावर सर्वांत जास्त भार येतो. आता बूम बोटाने उचलून धरा आणि आर्म सोडून बघा. आर्म पडला तर दोष तिकडे, नाही पडला तर बूमकडे. मग जॅक बघा. कॉनराड किंवा एनझेडजीसारख्या जर्मन मॉडेलांत पकड बऱ्याचदा पिनेत नसतेच, दांडा नळीत घट्ट सरकतो त्यात असते. दांडा सुळकन घसरत असेल तर रिव्हेटला, म्हणजे सांध्यात ठोकून बसवलेल्या पिनेला, हात लावायचं कारण नाही.

जॅकचा उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. दांडा बाहेर काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दांडा धातूचा असेल तर नळीच्या आत राहणाऱ्या टोकाला पारदर्शक नेलपॉलिशचा एक पातळ हात द्या, मंगळबाजारातली साधी चालते. रात्रभर वाळू द्या, मग घालून बघा, गरज वाटली तर दुसरा हात. ओला दांडा घातलात तर जॅक कायमचा चिकटला म्हणून समजा. दांडा प्लॅस्टिकचा असेल तर नेलपॉलिश नको. तिच्यातलं द्रावक प्लॅस्टिक मऊ करतं आणि चंदेरी मुलामा उतरवतं. तिथे पाण्यात विरघळणारं ॲक्रिलिक व्हार्निश वापरा. फेविक्विकचा मोह आवरा. त्याच्या वाफेने जवळच्या काचा आणि रंग पांढुरके पडतात.

आता रिव्हेट, म्हणजे खरी गोम. मॉडेलचं अंग झामाकचं, म्हणजे जस्तात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम मिसळलेल्या मिश्रधातूचं. ओतायला उत्तम, वाकवायला वाईट. सांध्याच्या दोन कानांत, म्हणजे बाजूच्या पट्ट्यांत, आणि मधल्या भागात फट असताना रिव्हेट ठोकलात तर कान आत वाकू बघतात, आणि पातळ कान वाकण्याऐवजी भोकापाशी तडकतो. तडकलेला कान परत धरत नाही. म्हणून दाबण्याआधी फट भरा. जुनी ओएचपी शीट (प्रोजेक्टरवर वापरायची पारदर्शक प्लॅस्टिक शीट) सुमारे ०.१ मिमी जाडीची असते. तिचा ४ मिमी व्यासाचा वॉशर कापा, मध्ये पिनेच्या मापाचं भोक पाडा आणि कडेपासून भोकापर्यंत एक खाच द्या. हा इंग्रजी सी सारखा वॉशर चिमट्याने पिनेवर सरकवता येतो, रिव्हेट काढावाच लागत नाही. दोन्ही बाजूंना सारखेच वॉशर घाला, नाहीतर आर्म तिरका बसतो.

फट नसेल आणि तरीही सांधा सैल असेल, तेव्हाच रिव्हेट दाबायचा. डोक्यावर मास्किंग टेप लावा. हातोडीपेक्षा व्हाइस (स्क्रूने जबडे आवळायचं पकडयंत्र) बरा. जबड्यांना पितळी पट्ट्या लावून अगदी थोडं थोडं आवळा आणि दर वेळी काढून बघा. हातोडीच वापरायची असेल तर ५० ते १०० ग्रॅमची, खाली पोलादी ठोकळा, दोन हलके ठोके आणि तपासणी.

रिव्हेट ड्रिल करून स्क्रू बसवणं हा शेवटचा मार्ग. रिव्हेटचं फक्त डोकं उडवा, तेही हाताने फिरवायच्या ड्रिलने. आधी पिन मोजा. २ मिमी असेल तर एम-२ स्क्रू आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा), १.६ असेल तर एम-१.६. नटाने पकड हवी तेवढी कमी-जास्त करता येते, ही सोय रिव्हेटमध्ये नाही. पण मोठा स्क्रू बसवायला भोक वाढवू नका, कडेला धातू फारसा उरत नाही. मुळातच स्क्रू असलेल्या सांध्यांना थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) चालतं, पण धातूतच. त्याने प्लॅस्टिकला तडे जातात.

वरची केबिन डुगडुगत असेल तर मधल्या पिनेवर टेफ्लॉनचा पातळ वॉशर किंवा चिकट सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो. शिलाई मशीनचं तेल मात्र कुठेच नको. कुणीतरी प्रेमाने तेल घातलेलं मॉडेल आलं तर सांधा अल्कोहोलने दोन-तीनदा धुऊन वाळवा. निम्म्या वेळा तेवढ्यावरच हात पुन्हा उभा राहतो.

चेनच्या कड्यांतून पिन बाहेर येत असेल तर ती आत ढकलून फक्त बाहेरच्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. तो आत झिरपला तर कडी वळायची थांबते.

एक अपवाद. सांध्याभोवती केसासारख्या भेगा, फुगलेला धातू आणि उचललेला रंग दिसला तर तो ढिलेपणा नव्हे. मिश्रधातूत शिसं मिसळल्याने जस्त आतून सडतं, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या मॉडेलांत हे विशेष दिसतं. तिथे ना वॉशर, ना व्हाइस. असं मॉडेल हाताला धरून उचलू नका, चेनखाली तळहात घालून उचला.