आवाजाचा पत्ता

अध्यक्षमहाशय आणि दादरच्या रसिक श्रोतेहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘भयपटांतील ध्वनी : कला आणि शास्त्र’ असे भारदस्त शीर्षक छापलेले आहे आणि त्यातील शास्त्रापर्यंत मी वेळेत पोहोचेन, असे आश्वासन मी आयोजकांना दिलेले आहे. माझे म्हणणे मात्र थोडक्यात सांगण्याजोगे असल्यामुळे ते आधीच सांगून टाकतो. भयपट पाहताना आपल्याला खरी भीती वाटते ती आवाज कुठून येतो आहे हे न कळण्याची, आणि ज्या आवाजाचा पत्ता लागला त्याचे भय तिथेच निम्मे होते.

काही स्वरच मुळात भयकारी असतात, असे अनेकांना वाटते. युरोपीय संगीतात षड्जापासून तीव्र मध्यमापर्यंतच्या अंतराला ‘सैतानाचा स्वर’ म्हणण्याची प्रथा पडली. आपल्याकडे त्याच तीव्र मध्यमावर यमन उभा आहे, आणि यमन ऐकून सभागृहातून कोणी पळाल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. ‘जॉज’ (१९७५) या नरभक्षक शार्कवरील चित्रपटासाठी संगीतकार जॉन विल्यम्स यांनी योजलेल्या दोन स्वरांत जे अर्ध्या स्वराचे अंतर आहे, तेच भैरवातील षड्ज आणि कोमल ऋषभ यांच्यातही आहे. मग तिथे प्रसन्न पहाट का आणि इथे धडकी का? इथे ते स्वर अतिशय खालच्या पट्टीत येतात, त्यांची गती वाढत जाते आणि शार्क बराच काळ दिसतच नाही. यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यात सतत बिघडत असल्यामुळे दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना तो दाखवणे टाळावे लागले, हे त्या चित्रपटाचे भाग्यच म्हणायचे. दोन मुले खोटा पर लावून लोकांना घाबरवतात, त्या प्रसंगी हे संगीत वाजत नाही, म्हणजे प्रेक्षकाशी प्रामाणिकपणे करार केला जातो. आणि पुढे एका दृश्यात खराखुरा शार्क संगीताची कोणतीही सूचना न देता अचानक पाण्याबाहेर डोके काढतो, तेव्हा तो करार मोडला जातो आणि प्रेक्षक खुर्चीत उडतो.

आता माझ्या आवडत्या विषयाकडे वळतो, आणि त्यात वेळ जाणार हे मला ठाऊक आहे. मालाडच्या बॉम्बे टॉकीजचा कमाल अमरोही दिग्दर्शित ‘महल’ १९४९ साली प्रदर्शित झाला. त्यातील ‘आयेगा आनेवाला’ हे खेमचंद प्रकाश यांचे गाणे आपण सर्वांनी इतक्या वेळा ऐकले आहे की त्यातील युक्ती आता कानाला जाणवेनाशी झाली आहे. गाण्याचा आरंभ तालाविना आणि दूरवरून येतो. हे दूरपण यंत्राने निर्माण करण्याची सोय तेव्हा हाताशी नव्हती. मायक्रोफोन खोलीच्या मध्यभागी ठेवला, लता मंगेशकर कोपऱ्यातून गात गात हळूहळू त्याच्याकडे चालत आल्या आणि मुखड्याशी त्याच्याजवळ पोहोचल्या, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. कल्पना करा : आवाज जवळ येतो आहे, हे पडद्यावर काहीही न घडता आपल्याला कळते. हवेलीत अशोक कुमार आवाजाचा माग काढत हिंडतात आणि त्यांच्याबरोबर आपलेही कान हिंडू लागतात. गंमत अशी की मूळ ध्वनिमुद्रिकेवर गायिकेऐवजी चित्रपटातील पात्राचे, म्हणजे ‘कामिनी’चे नाव छापले होते, त्यामुळे चित्रपटगृहाबाहेर रेडिओ ऐकणाऱ्यालाही त्या आवाजाची धनीण सापडत नव्हती.

त्यानंतर गाणे येणे ही हिंदी चित्रपटातील भुतासाठी किमान पात्रताच ठरली. ‘बीस साल बाद’ (१९६२) मध्ये हेमंत कुमार यांनी आणि ‘वह कौन थी’ (१९६४) मध्ये मदन मोहन यांनी लताबाईंचाच आवाज धुक्यात सोडला. यातील बहुतेक भुते शेवटी हाडामांसाची माणसे निघतात, ‘महल’मधील कामिनीही माळ्याची मुलगी निघते, आणि त्या क्षणी गाणे तेच राहूनही त्यातील थरकाप नाहीसा होतो. माझ्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मला मिळालेला नाही. मराठीत ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) मधील ‘रात्रीस खेळ चाले’ या गाण्याने इतकी वर्षे तग धरली, की २०१६ साली एका मालिकेला नाव देण्याइतके बळ त्यात शिल्लक होते.

मालिकांचा विषय निघालाच आहे, तर एक तक्रार नोंदवतो. भयपटाने कष्टाने मिळवलेली विजेची कडकड, झांजेचा आघात आणि तंतुवाद्यांचा थरथराट हे सारे साहित्य कौटुंबिक मालिकांनी उचलून नेले आहे. संध्याकाळी आमच्या इमारतीच्या जिन्यात उभे राहिले तर चार घरांतून चार प्रलय ऐकू येतात, आणि चौकशीअंती कळते की सुनेने सासूला न विचारता श्रीखंड केले. तोच आघात तीन चेहऱ्यांवर तीनदा वाजवल्यावर भुताने बिचाऱ्याने काय वाजवावे?

आयोजकांची चिठ्ठी आली आहे. तेव्हा शास्त्र आता धावत सांगतो. अचानक मोठा आवाज झाला की विचार करण्याआधीच शरीर दचकते. ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, तिला मी कला मानत नाही आणि स्वस्त भयपट तिच्यावरच पोट भरतात. दुसरा प्रकार ताणून फाटलेल्या आवाजाचा. डॅनियल ब्लमस्टाइन हे मार्मोट नावाच्या, खारीच्या कुळातील कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या धोक्याच्या हाकांचे अभ्यासक. घाबरलेल्या प्राण्याचा स्वर जसा फाटतो, तशा ध्वनींचा शोध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्यांत घेतला आणि भयपटांत तशा किंकाळ्या अधिक आढळल्या. ‘सायको’ (१९६०) मधील स्नानगृहाचे दृश्य दिग्दर्शक हिचकॉक यांना संगीताविना हवे होते. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही ते लिहिले, आणि केवळ तंतुवाद्यांच्या त्या वृंदात व्हायोलिने अक्षरशः किंचाळतात.

तिसरी गोष्ट, वीस हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला वीस कंपनांच्या, खालच्या, कानाला जवळजवळ न ऐकू येणाऱ्या कंपनांची. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथील अभियंता विक टँडी यांना प्रयोगशाळेत अस्वस्थ वाटे, डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसे; शोध घेता नव्या पंख्यामुळे सुमारे १९ हर्ट्झची लहर उठत असल्याचे आढळले आणि पंख्यात बदल करताच भूत गेले. १९९८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. या एका अनुभवावर फार मोठी इमारत बांधू नये, असे माझे मत आहे, परंतु पत्ता सापडताच भय गेले, एवढे मी त्यातून माझ्यासाठी ठेवून घेतो.

राम गोपाल वर्मा यांच्या ‘भूत’ (२००३) विषयी सविस्तर बोलायचे राहिले. एकही गाणे न ठेवता मुंबईच्या उंच इमारतीतील सदनिकेत त्यांनी भूत वसवले, ही ‘महल’च्या परंपरेशी फारकत होती. आणि लोकलमध्ये फोनवर भयपट पाहणाऱ्या तरुण श्रोत्यांना एक विनंती : डबल बेस या भल्यामोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते, फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर उतरतच नाही, तेव्हा निदान चांगले हेडफोन लावा, आणि ते लावून रूळ मात्र ओलांडू नका.