कलम 86 मधला एक खंड

नमस्कार श्रोतेहो.

सूर्य आणि वारा यांपासून वीज करण्याबद्दल आपल्याकडे भाषणं पुष्कळ होतात, पण त्यासाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. 2015 साली केंद्र सरकारच्या मंत्रालयानं तसा एक मसुदा तयार केला होता. लोकांच्या सूचनाही मागवल्या होत्या. तो संसदेत काही पोहोचला नाही. मग आज दिसतात त्या पवनचक्क्या, ते सौर प्रकल्प उभे राहिले कशाच्या जोरावर?

सुरुवातीला जोर होता तो आयकराचा. नव्वदच्या दशकात पवनचक्कीवर पैसे गुंतवणाऱ्या कंपनीला घसाऱ्याची, म्हणजे यंत्राची झीज खर्च धरून कर कमी भरण्याची, भरघोस सवलत मिळे. साताऱ्याकडची चाळकेवाडी आणि वनकुसवडेची पठारं पवनचक्क्यांनी भरली, त्यात या सवलतीचा मोठा वाटा. गोम अशी, की सवलत चक्की उभारण्यावर होती, वीज किती झाली यावर नव्हती.

2003 च्या वीज कायद्यानं दिशा बदलली. त्याच्या कलम 86 मध्ये राज्य वीज नियामक आयोगाची, म्हणजे राज्यातले वीजदर आणि नियम ठरवणाऱ्या संस्थेची, कामं सांगितली आहेत. त्यात एक छोटासा खंड आहे: अशी वीज ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडण्याची आणि विकण्याची सोय करा, आणि एकूण वापरातला किती टक्का नवीकरणीय स्रोतांतून घ्यायचा ते ठरवून द्या. म्हणजे वीज करणाऱ्याला अनुदान देण्यापेक्षा घेणाऱ्यावर खरेदीचं बंधन. गिऱ्हाईक पक्कं असलं की बँक कर्ज देते आणि प्रकल्प उभा राहतो. उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या आपल्या साखर कारखान्यांनाही याच खंडानं दार उघडलं.

हे बंधन सगळ्यांना रुचलं असं नाही. राजस्थानात स्वतःपुरती वीज तयार करणाऱ्या उद्योगांनी, हिंदुस्तान झिंकसारख्या कंपन्यांनी, विचारलं की आमची वीज आम्हीच करतो, मग आमच्यावर सक्ती का? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि 2015 च्या मे महिन्यात न्यायालयानं बंधन कायम ठेवलं.

तरीही मला विचाराल तर खरी अडचण पुढेच आहे. वीज हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो. टक्का आयोग ठरवणार, तो पाळायचा बहुतेक ठिकाणी राज्याच्याच वीज कंपनीनं, आणि त्या कंपनीची तिजोरी रिकामी. टक्का चुकला की बऱ्याच राज्यांत उरलेली खरेदी पुढच्या वर्षांवर ढकलली गेली. दंडाची वेळ क्वचितच आली. दंड केला तरी तो शेवटी वीजबिलातून आपल्याच माथी येणार, अशी भीतीही असते. ती अगदीच खोटी नाही.

म्हणून 2022 मध्ये संसदेनं दुसरी वाट धरली आणि ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली. त्याखाली केंद्रानं टक्के देशभरासाठी ठरवून दिले: 2024-25 साठी 29.91 टक्के, आणि वाढत वाढत 2029-30 साठी 43.33 टक्के. दंडाची तरतूदही याच कायद्यात आहे. आता राज्याला टक्का खाली ओढायला फारशी जागा राहिलेली नाही. राज्यांच्या अधिकारावर हे अतिक्रमण आहे का, हा वाद आहे, आणि तो व्हायलाही हवा.

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. 2024 च्या फेब्रुवारीत केंद्राचे वीज ग्राहक हक्क नियम बदलले. 10 किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला आता तांत्रिक तपासणीची अट नाही. अर्ज पूर्ण भरलेला असेल तर तो मंजूरच धरायचा. कार्यालयात कुणी ‘आधी पाहणी होऊ द्या’ म्हणालं, तर या नियमाचा हवाला द्या.

आणि वीजदर ठरवण्यापूर्वी आयोगाला लोकांच्या सूचना आणि हरकती विचारात घ्याव्या लागतात. बहुतेक जण तिथे दरवाढीबद्दलच बोलतात. पुढच्या वेळी हरकत नोंदवताना एवढंही विचारा, की गेल्या वर्षीचं खरेदीचं बंधन पुरं झालं का, आणि झालं नसेल तर आयोगानं त्याचं काय केलं?

नमस्कार.