सुरसुकांची जमीन

(दृश्य: आकाशातून नहलाल)

वरून पाहिलं तर बैलगाडीचं चाक वाटतं. तुंब्याच्या जागी गावाच्या सामायिक इमारती, भोवती घरांचं कडं आणि तिथून आऱ्यांसारखी पसरत गेलेली शेतं. हे नहलाल. आजच्या इस्रायलच्या उत्तरेतलं गाव. खोऱ्याचं नाव इझ्रेल; अरबीत मर्ज इब्न आमिर. १९२१ साली पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी इथं दलदलीत चर खणले, मलेरियाशी झुंजत गाव वसवलं. ही गोष्ट इथला शाळकरी मुलगाही सांगेल. या जमिनीच्या कागदांची गोष्ट मात्र त्याआधीची आहे.

(दृश्य: उस्मानी दस्तऐवज, शिक्के)

तेव्हा इथं उस्मानी तुर्कांचं राज्य. १८५८ मध्ये त्यांच्या सरकारनं जमिनीचा कायदा केला. नोंद ज्याच्या नावावर, जमीन त्याची. तोवर इथल्या अनेक गावांत जमीन सगळ्यांची मिळून असे. काही वर्षांनी चिठ्ठ्या टाकून वाटे बदलत. 'मुशा' म्हणत त्याला. आता नाव लावायचं तर सारा आला, शिवाय पोराला फौजेत ओढून नेतील ही धास्ती. पुष्कळांनी नाव लावलंच नाही, कुणी शहरातल्या बड्या घराण्याचं लावू दिलं. १८७०च्या सुमारास या खोऱ्याचा मोठा भाग बैरूतच्या सुरसुक या व्यापारी घराण्यानं घेतला. इथला शेतकरी, फल्लाह, नांगरत राहिला. फक्त आता तो कूळ झाला होता. सातबाऱ्यावर एक आणि बांधावर दुसराच असला की काय होतं, हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा.

(दृश्य: निळा डबा)

हा डबा युरोपातल्या कितीतरी ज्यू घरांत असे, चिल्लर टाकायला. १८८१ पासून रशियात ज्यू वस्त्यांवर हल्ले होत होते. १९०१ मध्ये पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंसाठी जमीन घ्यायला ज्यू राष्ट्रीय निधी उभा राहिला; डब्यातली चिल्लर त्यातच जाई. त्यातून घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, कसायला ज्यूंनाच द्यायची. पुढे भाडेकरारात मजूरही ज्यूच, असं कलम आलं. १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा दिला. मला हे कलम त्याहून मोठं वाटतं. मालक पूर्वीही बदलत, कूळ तिथंच राही. या मालकाला कूळच नको होतं.

१९१० मध्ये याच खोऱ्यातलं अल-फुला गाव ज्यूंना विकलं गेलं, तेव्हा नाझरेथचा अरब अधिकारी शुक्री अल-असली दस्त करून देईना. वरून हुकूम आला, दस्त झाला. १९२०च्या दशकात सुरसुकांनी खोऱ्यातली बरीच जमीन ज्यू संस्थांना विकली. काही कुळांना थोडी भरपाई मिळाली.

(दृश्य: जुनी चित्रफीत)

मग १९२९च्या अरब-ज्यू दंगली, १९३६चं ब्रिटिश राजवटीविरुद्धचं अरबांचं बंड, १९४७चा पॅलेस्टाईनच्या फाळणीचा ठराव, १९४८चं अरब-इस्रायल युद्ध. सात लाखांच्या आसपास पॅलेस्टिनी बेघर; पुढच्या वर्षांत अरब देशांतले लाखो ज्यूही.

(दृश्य: पाइनची झाडी)

नहलालजवळची ही टेकडी. झाडीत दोन चर्च, मशिदीचे अवशेष. इथं मालूल हे अरब गाव होतं. याही गावाची बहुतेक जमीन सुरसुकांनी १९२१ मध्ये विकली होती. माणसं १९४८ पर्यंत होती.