तळ्यात सोडलेला ट्राउट पकडताना: आमिष बदलण्याआधी खोली बदला

नमस्कार. लहान तळ्यांमध्ये मुद्दाम आणून सोडलेले ट्राउट मासे गळाने कसे पकडावेत, हा आजच्या व्हिडिओचा विषय आहे. ज्यांनी नुकताच रॉड हातात घेतला आहे, किंवा जे काही वेळा जाऊन रिकाम्या हाताने परतले आहेत, त्यांच्यासाठी मी हा व्हिडिओ करत आहे. अशा तळ्याच्या काठावर नवख्या माणसाकडे थोडा वेळ पाहिले, तर एक गोष्ट हमखास दिसते. अर्धा तास काही लागले नाही की तो आमिष बदलतो, मग त्याच आमिषाचा दुसरा रंग लावून पाहतो आणि शेवटी पुन्हा पहिल्याकडे वळतो; पण हे आमिष पाण्यात किती खोलवर लटकत आहे, याचा विचार तो करत नाही. माझे म्हणणे असे आहे की आमिष बदलण्याआधी खोली बदलावी. चुकीच्या खोलीवरचे उत्तम आमिष माशाला दिसतच नाही, आणि योग्य खोलीवरचे साधे गांडूळसुद्धा पुरेसे ठरते.

याचे कारण माशाच्या वागण्यात आहे. अशा तळ्यांमध्ये बहुतेक वेळा रेनबो ट्राउट सोडतात, काही ठिकाणी ब्राउन ट्राउटही असतो. हे मासे मत्स्यपालन केंद्राच्या हौदांमध्ये थव्याने वाढलेले असतात आणि त्यांना तेथे गोळीखाद्य मिळत आलेले असते. तळ्यात सोडल्याबरोबर ही सवय जात नाही. सुरुवातीचे काही दिवस ते जिथे सोडले त्याच बाजूला, अनेकदा काठाला धरून आणि पृष्ठभागापासून फार खाली न जाता, थव्यानेच फिरत राहतात. पुढे ते पांगतात आणि पाण्यातले किडे, अळ्या, गोगलगायी असे नैसर्गिक अन्न ओळखू लागतात. नदीतला ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थांबतो, कारण अन्न त्याच्याकडे वाहत येते. तळ्यात अन्न वाहून आणणारा प्रवाह नसल्यामुळे अन्नाच्या शोधात माशालाच फिरावे लागते, आणि हे फिरणे बहुधा एखाद्या ठरावीक थरात होत असते. तुमचे आमिष त्या थरात, किंवा त्याच्या थोडेसे वर असेल, तर फिरत्या माशाच्या नजरेस ते पडते. ट्राउटची नजर समोर आणि वरच्या दिशेला अधिक असते. पोटाखालून गेलेले आमिष तो सहज चुकवतो. म्हणून खोलीबद्दल शंका असेल, तेव्हा आमिष जास्त खाली ठेवण्यापेक्षा थोडे वर ठेवणे मी पसंत करतो.

मासा कोणता थर निवडेल, हे मुख्यतः तापमान आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांवर ठरते. रेनबो ट्राउट साधारण १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात चांगला खातो. पाणी २० अंशांच्या पुढे गेले की त्याच्यावर ताण येऊ लागतो, आणि २५ अंशांच्या आसपासचे पाणी त्याच्या जिवावर बेतू शकते. थंड पाणी अधिक प्राणवायू धरून ठेवते: १० अंशांवरच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर २० अंशांवर सुमारे ९ मिलिग्रॅम. उन्हाळ्यात वरचे पाणी तापते, म्हणून मासा खाली जातो. पण लहान तळ्याच्या तळाशी कुजणारा पालापाचोळा तिथला प्राणवायू संपवत असतो, त्यामुळे मासा अगदी तळालाही टिकत नाही. वर ऊन आणि खाली गुदमर, अशा अवस्थेत तो मधल्या एका अरुंद पट्ट्यात अडकतो. नवखा माणूस नेमका अशाच वेळी आमिष थेट तळाशी टाकून बसतो. वसंतात आणि शरदात पाणी वरपासून खालपर्यंत बरेचसे एकसारखे होते; तेव्हा सकाळ-संध्याकाळी मासे पृष्ठभागाजवळ आणि काठाशी सापडतात. कडक थंडीत हिशेब उलटतो. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते, म्हणून गोठायला आलेल्या तळ्यात तळाकडचे पाणीच त्यातल्या त्यात उबदार असते. मासा तिथे संथपणे वावरतो आणि आमिषामागे लांबवर धावत नाही.

यासाठी एक साधा तापमापक दोरीला बांधून जवळ ठेवा. काठावरून पृष्ठभागाचे आणि शक्य तितक्या खोलीवरचे तापमान घेतले, तर सुरुवात कुठून करायची याचा अंदाज येतो.

आता साधनांबद्दल थोडक्यात सांगतो. सहा ते सात फुटांचा हलका रॉड, लहान स्पिनिंग रील (दोरी गुंडाळण्याचे चाक) आणि सुमारे चार पौंड ताकदीची मोनोफिलामेंट, म्हणजे एकाच धाग्याची, दोरी एवढे पुरे आहे. तळ्यातले पाणी अनेकदा स्वच्छ असते आणि स्थिर पाण्यात माशाला आमिष न्याहाळायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे जाड दोरी आणि मोठा गळ इथे नुकसान करतात. गळ १० ते १४ क्रमांकाचा घ्यावा. या क्रमांकांमध्ये आकडा वाढतो तसा गळ लहान होतो, हे दुकानात लक्षात असू द्या. गाठ घट्ट ओढण्यापूर्वी ती ओली करा, कारण कोरडी दोरी घर्षणाने तापून नेमकी गाठीपाशी कमजोर होते. रीलचा ड्रॅग, म्हणजे किती ओढ बसल्यावर दोरी सुटू लागेल याची घट्टाई, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या भागाइतकी ठेवा. चार पौंड म्हणजे सुमारे १.८ किलो, तेव्हा साधारण ४५० ग्रॅमच्या ओढीला दोरी सुटायला हवी. साध्या ताणकाट्याने हे घरीच तपासता येते. मासा पहिली धाव घेईल, तेव्हा ही मोजणी उपयोगी पडते.

आता खोली कशी मोजायची, ते नीट पाहू, कारण या व्हिडिओचा गाभा हाच आहे. फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून आमिषाला ठरावीक खोलीवर लटकत ठेवणारा तरंगा, दोरीवर सरकवता येईल असा लावा आणि गळाला तात्पुरते एक जड वजन अडकवा. जिथे मासेमारी करायची आहे तिथे ते टाका. फ्लोट पाण्याखाली ओढला गेला, तर फ्लोट आणि गळ यांमधली दोरी तिथल्या खोलीपेक्षा कमी आहे. फ्लोट वर सरकवा. फ्लोट आडवा पडून राहिला, तर दोरी जास्त आहे. तो खाली सरकवा. फ्लोटचे टोक पृष्ठभागाशी जेमतेम उभे राहिले की तळाची खोली सापडली. ही खोली रॉडच्या दांड्यावर मोजून एखाद्या खुणेने लक्षात ठेवा, मग वजन काढून टाका आणि आमिष लावा. समजा तळ आठ फुटांवर आहे. वसंतात किंवा शरदात मी दोन फुटांपासून सुरुवात करायला सांगेन. पंधरा मिनिटांत काही हालचाल झाली नाही, तर फ्लोट एक-दीड फूट वर सरकवा, म्हणजे आमिष तेवढे खाली जाईल, आणि असे करत तळाच्या फूटभर वरपर्यंत पोहोचा. उन्हाळ्यात थेट मधल्या खोलीपासून सुरुवात करा. एका खोलीवर मासा लागला, किंवा फ्लोटला नुसता धक्का बसला, तरी ती खोली सोडू नका. थवा त्याच थरातून पुन्हा फिरून येण्याची शक्यता मोठी असते. सर्व खोल्या पाहून झाल्या आणि काहीच घडले नाही, तर जागा बदला. आमिष बदलण्याची पाळी त्यानंतर येते.

तळावर वजन ठेवून तरंगते आमिष वापरण्याची पद्धतही नवख्यांना सोयीची आहे, आणि तिथेही प्रश्न खोलीचाच असतो. या मांडणीत मुख्य दोरीवर सरकणारे वजन असते, त्याच्या पुढे स्विव्हल (दोरीला पीळ पडू न देणारी फिरती कडी) असतो आणि स्विव्हलपासून गळापर्यंत पातळ दोरीचा एक तुकडा असतो. वजन तळावर बसते आणि तरंगणारे पिठूळ आमिष गळाला घेऊन वर उठते; ते तळापासून किती वर उठेल, हे त्या तुकड्याच्या लांबीवर ठरते. ४५ सेंटीमीटरपासून सुरुवात करा. तळाशी पाणवनस्पती गुडघाभर वाढल्या असतील, तर एवढ्या लांबीचे आमिष त्यांच्यातच लपून राहील, म्हणून तुकडा लांब करा. टाकण्यापूर्वी गळ काठाशी उथळ पाण्यात सोडून आमिष खरोखर तरंगते का, ते डोळ्यांनी पाहा. गळ मोठा असेल किंवा आमिषाचा गोळा फार लहान असेल, तर ते निमूटपणे बुडते आणि आपण तासभर चिखलात मासेमारी करत बसतो.

ज्यांना एका जागी बसणे आवडत नाही, त्यांनी दोन ते चार ग्रॅमचा स्पिनर (फिरत्या पात्याचे नकली आमिष) किंवा लहान स्पून (चमच्याच्या आकाराचे नकली आमिष) वापरावा. इथे खोली मोजून शोधतात. लुअर, म्हणजे हे नकली आमिष, टाकल्यावर तो बुडत असताना मनात एक, दोन, तीन असे संथपणे मोजा. समजा दहावर तो तळाला टेकला आणि दोरी ढिली पडली. पुढच्या वेळी तीनवर ओढायला सुरुवात करा, मग पाचवर, मग आठवर. ज्या आकड्यावर मासा लागला, तो आकडा धरून ठेवा. ओढण्याची गती लुअर फिरत राहील इतपतच मंद असावी. मासा मागे येऊन परत वळत असेल, तर क्षणभर थांबून पुन्हा ओढा. गतीतला हा बदल पुष्कळदा त्याला चावायला लावतो.

जागेच्या निवडीबद्दल दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. तळ्यात पाणी येते ते तोंड प्राणवायूने समृद्ध असते, उन्हाळ्यात तर तिथेच आधी पाहावे. वारा बराच वेळ एका दिशेने वाहत असेल, तर पृष्ठभागावरचे किडे त्या दिशेच्या काठाला जमा होतात आणि मासे त्यांच्या मागे जातात. वाऱ्याकडे तोंड करून गळ टाकणे त्रासाचे असते, म्हणून बहुतेक जण तो काठ टाळतात, आणि मला नेमका तोच काठ आवडतो.

काठाजवळ जाताना पावले हलकी ठेवा. माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा आणि त्याचा आतील कान पाण्यातली कंपने टिपतात. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, त्यामुळे माशाला पाण्याबाहेरचे सारे जग डोक्यावरच्या सुमारे ९७ अंशांच्या गोल खिडकीतून दिसते. काठावर ताठ उभा असलेला माणूस त्या खिडकीत सहज येतो. वाकलेला किंवा काठापासून चार पावले मागे असलेला माणूस तिच्या कडेला राहतो आणि तितकासा स्पष्ट दिसत नाही. पहिला गळ मध्यावर भिरकावण्याऐवजी काठाला समांतर टाका. मासे बहुतेक वेळा तुम्हाला वाटते त्यापेक्षा जवळ असतात.

फ्लोट नुसता थरथरला, तर थांबा. तो बुडाला किंवा ठामपणे एका बाजूला सरकू लागला की रॉड मनगटाने उचला. झटका देण्याची गरज नसते. दोरीत फार ढील ठेवू नका आणि रॉड टेकवून दूर जाऊ नका, कारण वेळ गेला की ट्राउट आमिष गिळतो आणि गळ घशात रुततो. मासा लागल्यावर त्याला धावू द्या, तो थांबला की दोरी गुंडाळा, आणि जाळी आधीच पाण्यात धरून मासा तिच्यावर आणा.

मासा ठेवायचा की सोडायचा, हे गळ टाकण्याआधी ठरवा, आणि त्या तळ्याचे नियम वाचूनच ठरवा. परवाना, दिवसाला किती मासे ठेवता येतात, कोणते आमिष चालते, मासा परत सोडण्यास परवानगी आहे की मनाई, हे सारे तळ्यागणिक बदलते. सोडायचा असेल, तर गांडूळ आणि पिठूळ आमिष टाळून स्पिनर किंवा फ्लाय (किड्यासारखे दिसणारे नकली आमिष) वापरा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा संरक्षक चिकट थर निघून जातो. शक्यतो त्याला पाण्यातच ठेवून गळ काढा. गळ खोल गिळला असेल, तर तो उपटण्याचा प्रयत्न करू नका, दोरी शक्य तितकी गळाजवळ कापा. असे केल्याने मासा जगण्याची शक्यता बरीच वाढते. ठेवायचा असेल, तर त्याला पिशवीत तडफडत ठेवणे मला अजिबात मान्य नाही. डोक्यावर, डोळ्यांच्या किंचित मागे, एक नेमका आघात करून त्याला लगेच मारा, मग आतडी आणि कल्ले काढून बर्फात ठेवा. तापमापक २० अंशांच्या वर दाखवत असेल, तर पकडून सोडण्याची मासेमारी त्या दिवशी करू नका, कारण झुंजीने दमलेला मासा पोहत दूर गेलेला दिसला, तरी तशा पाण्यात तो नंतर मरू शकतो.